हार्डिनेस झोनच्या आकड्यावर झाडे निवडताना किती विसंबावे?

परसदार यांचा प्रश्न

नमस्कार. घराभोवतीच्या मोकळ्या जागेत कायमस्वरूपी बाग करायचे ठरवले आहे. एकदा लावलेली झाडे पुढे उपटून हलवावी लागू नयेत, म्हणून निवड आधीच नीट करावी, असा विचार आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या मोजणीप्रमाणे आमची जागा ७ए या हार्डिनेस झोनमध्ये, म्हणजे हिवाळी थंडीवरून पाडलेल्या विभागात, येते. हिवाळ्यात जमीन अधूनमधून गोठते, पण बर्फ फार दिवस टिकत नाही आणि वर्षाचा बराचसा पाऊस हिवाळ्यातच पडतो. माती चिकण आहे. जागेला दक्षिणेकडे उतार असून उताराच्या तळाशी फटी नसलेले भरीव लाकडी कुंपण आहे.

मनात असलेल्या झाडांच्या चिठ्ठ्या पाहिल्या, तेव्हा मोठ्या पानांच्या हायड्रेंजियावर ६ ते ९, इंग्लिश लॅव्हेंडरवर ५ ते ८, लायलॅकवर ३ ते ७, जपानी मॅपलवर ५ ते ८ आणि रोझमेरीवर ८ ते १० असे आकडे दिसले. अंजिराच्या बाबतीत एका ठिकाणी ७ आणि दुसऱ्या ठिकाणी ८ पासून पुढे असे लिहिलेले आहे. रोझमेरी वगळता बाकीची झाडे निर्धास्तपणे लावता येतील, असा या आकड्यांचा सरळ अर्थ होतो का? हे विचारण्याचे कारण असे की, एकाच झोनमधील दोन ठिकाणांचे हवामान एकमेकांशी अजिबात जुळत नसल्याचे वाचनात आले आणि मग या आकड्याला नेमका किती अर्थ आहे, याविषयी शंका वाटू लागली. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पानगळ यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. मात्र दोष आकड्याचा नसून त्याच्याकडून आपण ठेवत असलेल्या अपेक्षेचा आहे. हार्डिनेस झोन एकच गोष्ट मोजतो. एखाद्या ठिकाणी प्रत्येक वर्षाच्या सर्वांत थंड रात्री पारा कुठवर उतरला, याची तीस वर्षांची नोंद घेऊन तिची सरासरी काढली जाते आणि त्या सरासरीवरून झोन ठरतो. उन्हाळा किती तापतो, पाऊस कोणत्या ऋतूत पडतो, थंडी किती आठवडे टिकते, वारा किती सुटतो, माती कशी आहे, यांपैकी कशाचाही त्यात समावेश नाही. अमेरिकी कृषी खात्याने हा नकाशा १९६० साली प्रथम काढला आणि २०२३ साली त्याची सर्वांत अलीकडची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यात एकूण १३ झोन आहेत (आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त), प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ५.६ अंश सेल्सिअसचा, आणि त्याचे ए व बी असे दोन भाग केलेले आहेत. आपल्या ७ए चा अर्थ असा की, वर्षातील सर्वांत थंड रात्रीचे सरासरी तापमान उणे १७.८ ते उणे १५ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान येते. ही सरासरी आहे, हे ध्यानात ठेवावे. काही हिवाळे त्याहून कडक जाणारच, आणि दीर्घायुषी झाडाचा निकाल बहुधा अशाच एखाद्या हिवाळ्यात लागतो.

एकाच झोनमधील दोन ठिकाणांविषयी आपण जे वाचले, त्याचे ठळक उदाहरण म्हणजे सिॲटल आणि ऑस्टिन. नव्या नकाशात या दोन्ही शहरांचा मोठा भाग ९ए मध्ये येतो. सिॲटलचा उन्हाळा सौम्य आणि कोरडा असतो, तर ऑस्टिनमध्ये पारा आठवडेच्या आठवडे ३५ अंशांच्या वर राहतो आणि रात्रीही हवा निवत नाही. हिवाळ्यातील सर्वांत थंड रात्र सारखी असली, तरी एका ठिकाणी सुखाने वाढणारे झाड दुसऱ्या ठिकाणी ऑगस्टमध्येच करपू शकते. याच उणिवेवर उपाय म्हणून अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ साली उष्णतेचा वेगळा नकाशा काढला. वर्षातील किती दिवस तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते, यावरून त्यात १२ विभाग पाडले आहेत. दुर्दैवाने रोपांच्या चिठ्ठ्यांवर हा दुसरा आकडा क्वचितच छापलेला आढळतो.

आता चिठ्ठीवरील ‘५ ते ८’ यासारख्या जोडीकडे वळू. पहिला आकडा थंडीची मर्यादा सांगतो आणि तो बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. दुसरा आकडा मात्र त्या नकाशातून निघतच नाही, कारण नकाशाला उष्णतेची माहितीच नसते. रोपवाटिकाधारकांच्या आणि बागायतदारांच्या अनुभवावरून तो अंदाजाने लिहिला जातो आणि त्यात दोन निरनिराळ्या अडचणी एकत्र कोंबलेल्या असतात. काही झाडांना उन्हाळा सोसत नाही म्हणून वरची मर्यादा असते, तर काहींना हिवाळा पुरेसा लांब मिळत नाही म्हणून. लायलॅक, पियोनी, ट्युलिप, सफरचंद ही दुसऱ्या प्रकारची झाडे होत. ट्युलिपच्या कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे गारवा मिळाला नाही, तर फूल जमिनीतून नीट वर येत नाही. सफरचंदाच्या अनेक जातींना शून्य ते सात अंशांच्या दरम्यानचे ८०० ते १००० तास लागतात, ज्यांना चिलिंग अवर्स म्हणतात, तर ‘ॲना’ या जातीचे काम २०० ते ३०० तासांत भागते. तेव्हा ‘माझ्या झोनमध्ये सफरचंद येईल का’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणती जात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

चिठ्ठी कोणत्या देशाच्या पद्धतीने लिहिली आहे, हेही पाहून घ्यावे. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी एच१ए ते एच७ अशी श्रेणी देते, आणि तिथे आकडा जितका मोठा, तितके झाड थंडीला अधिक काटक. म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या अगदी उलट. एच७ चे झाड उणे २० अंशांच्याही खाली तग धरते, तर अमेरिकी झोन ७ चे झाड तेवढ्या थंडीत संकटात सापडेल. कॅनडाच्या मूळ नकाशात किमान तापमानाबरोबरच गोठणमुक्त दिवस, पाऊस, बर्फाचा थर आणि वारा यांचाही विचार केलेला आहे, त्यामुळे तिथला झोन ५ आणि अमेरिकेतील झोन ५ एकच मानू नयेत. परदेशी संकेतस्थळांवरील याद्या उतरवून घेताना हा घोळ सर्रास होतो.

आपल्या यादीपुरते बोलायचे, तर जपानी मॅपलविषयी फारशी काळजी नाही. फक्त दुपारचे ऊन आणि कोरडा वारा यांपासून त्याला आडोसा द्यावा. लायलॅक आपल्याकडे उष्ण मर्यादेच्या टोकाला येतो. तो जगेल, पण एखाद्या ऊबदार हिवाळ्यानंतर बहर विरळ आला, तर आश्चर्य मानू नये.

मूळसंगत यांचे उत्तर

पानगळ यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु आपल्या जागेच्या बाबतीत त्यांनी एका गोष्टीचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही. आपण चिकण माती आणि हिवाळी पाऊस असे लिहिले आहे. ही दोन कारणे एकत्र आली की, झोनच्या आकड्याप्रमाणे सुरक्षित असलेली कितीतरी झाडे दगावतात, आणि दोष मात्र थंडीला दिला जातो.

लॅव्हेंडर हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. इंग्लिश लॅव्हेंडर कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या डोंगरउतारावरचे झाड असल्यामुळे उणे २० अंशांची थंडी ते सहन करते, पण गार पाण्यात आठवडाभर बुडालेली मुळे त्याला चालत नाहीत. पाणी साचलेल्या चिकण मातीत मुळांना हवा मिळत नाही, मूळकूज सुरू होते, आणि वसंतात झुडूप करड्या काड्यांचा भारा होऊन उरते. असे झुडूप उपटून पाहावे. मुळाची साल बोटांनी ओढल्यावर मोज्यासारखी निसटून आली आणि आत तपकिरी दोरा उरला, तर ते कुजून मेले आहे. साल घट्ट आणि आतला गाभा पांढरट असेल, तर नुकसान वरच्या भागाचे, म्हणजे थंडीचे किंवा वाऱ्याचे. ही तपासणी न करता अधिक काटक जात आणून त्याच खड्ड्यात लावण्यात काहीच अर्थ नाही.

आपल्याकडे उतार आहे, ही जमेची बाजू आहे. लॅव्हेंडर उताराच्या वरच्या भागात, वीतभर उंच केलेल्या आणि भरपूर बारीक खडी मिसळलेल्या वाफ्यात लावावे. एकट्या झाडापुरता खोल खड्डा खणून त्यातच भुसभुशीत माती भरू नये. भोवतालच्या चिकण मातीतून पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि तिथेच साचून राहते. रोझमेरीसाठीही हीच जागा योग्य ठरेल. ‘आर्प’ नावाची जात इतर जातींपेक्षा थंडीला बरीच काटक मानली जाते. निचरा उत्तम असेल आणि पाठीशी दक्षिणाभिमुख भिंत असेल, तर आपल्या झोनमध्ये तिचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

तळाशी असलेल्या भरीव कुंपणाविषयी सावध करावेसे वाटते. थंड हवा जड असते, त्यामुळे निरभ्र आणि निवांत रात्री ती उतारावरून खाली ओघळते आणि वाटेत अडथळा आला की त्यामागे साठते. आपल्या बागेचा सर्वांत खालचा पट्टा त्यामुळे वरच्या भागापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहू शकतो, म्हणजे तो व्यवहारात ६बी समजावा. नकाशाला असे बारकावे दिसत नाहीत. निरभ्र पहाटे एकाच वेळी वर, मध्यावर आणि कुंपणालगत तापमापक लावून आकडे लिहून ठेवले, तर आपल्या बागेचा खरा नकाशा आपल्यालाच काढता येईल. कुंपण आपल्या मालकीचे असेल, तर खालच्या दोन फळ्या काढून हवेला वाट करून द्यावी. नसेल, तर त्या पट्ट्यात अंजीर किंवा हायड्रेंजिया न लावता झोन ५ किंवा त्याखालची काटक झुडपेच लावावीत.

परसदार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तापमापकाची कल्पना लगेच अमलात आणतो. आणखी तीन शंका आहेत. हायड्रेंजिया झोन ६ पासून पुढे चालतो असे चिठ्ठीवर असूनही तो ‘जगतो पण फुलत नाही’ अशी तक्रार वारंवार वाचनात येते, ती कशामुळे? दुसरे असे की, ताज्या नकाशात अनेक ठिकाणे अधिक उबदार झोनमध्ये सरकली आहेत, तर आता थोडी नाजूक झाडे लावायला हरकत नाही का? आणि काही झाडे कुंडीत ठेवण्याचा विचार आहे, त्यांना हाच आकडा लागू होतो का?

उशिरा फुटवा यांचे उत्तर

हायड्रेंजियापुरते लिहितो.

मोठ्या पानांचा हायड्रेंजिया, म्हणजे हायड्रेंजिया मॅक्रोफिला, पुढच्या वर्षीची फुले आदल्या वर्षीच्या फांदीवर तयार झालेल्या कळ्यांतून देतो. या कळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात तयार होतात आणि संपूर्ण हिवाळा फांदीच्या टोकाशी उघड्यावर काढतात. झाडाचे मूळ आणि खोडाचा बुंधा झोन ६ ची थंडी सोसतो, म्हणून चिठ्ठीवर ६ हा आकडा येतो आणि तो खोटा नसतो; पण कळी तितकी काटक नसते. शिवाय ऐन हिवाळ्यातील थंडीपेक्षा वसंताच्या तोंडावरची थंडी कळीला अधिक घातक ठरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ-दहा दिवस ऊब आली की कळी फुगते, तिच्यातील पाण्याचे प्रमाण वाढते, आणि त्यानंतरची उणे चार-पाच अंशांची एक रात्र ती जाळून टाकते. जानेवारीत याच कळीने उणे दहा अंश विनातक्रार सोसलेले असतात. मग बुंध्यापासून नवी हिरवीगार फूट येते, झुडूप डेरेदार दिसते, आणि फूल मात्र एकही नसते.

कळी जिवंत आहे की नाही, हे वसंतात ओळखता येते. फांदीच्या टोकाजवळची एक जाड कळी ब्लेडने उभी चिरावी. आतली पानांची घडी फिकट हिरवी आणि ओलसर दिसली, तर ठीक. मध्यभागी तपकिरी किंवा काळा ठिपका असेल, तर त्या कळीतून काही निघणार नाही. टोकाची कळी मेली, तरी तिच्या खालच्या पेरांवरील कळ्या पुष्कळदा शाबूत असतात, त्यामुळे सगळी फांदी घाईने जमिनीलगत छाटू नये. शरदात किंवा हिवाळ्यात या झुडपाची छाटणी करणे म्हणजे पुढच्या वर्षीचा बहर स्वतःच्या हाताने कापून टाकणे होय; थंडीवर फोडल्या जाणाऱ्या खापरांपैकी निम्मी तरी खरे म्हणजे कात्रीवर फोडायला हवीत, असे माझे मत आहे.

फुलांचा भरवसा हवा असेल, तर हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा लावावा. तो त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे हिवाळ्यात फांद्या मेल्या किंवा आपण त्या छाटल्या, तरी बहर बुडत नाही, आणि तो झोन ३ पर्यंत टिकतो. मोठ्या पानांचाच हवा असेल, तर उताराच्या मध्यावर, पहाटेचे ऊन थेट पडणार नाही अशा ठिकाणी लावावा. गोठलेल्या कळीवर सकाळचे ऊन एकदम पडले की ती झपाट्याने वितळते आणि पेशींची हानी वाढते. कॅमेलियाला पूर्वेची भिंत टाळण्याचा सल्ला दिला जातो, तो याच कारणासाठी. दक्षिणेच्या भिंतीचेही एक बघावे लागते. अंजिराला ती हवीशी असली, तरी जर्दाळूसारख्या लवकर फुलणाऱ्या झाडाला ती फसवते. भिंतीच्या उबेने बहर वेळेआधी उघडतो आणि मग एका गार रात्री संपूर्ण हंगाम वाया जातो. असे झाड थोडे उशिरा जागे होईल अशा थंड बाजूला लावलेले बरे.

मूळसंगत यांचे दुसरे उत्तर

उरलेल्या दोन शंकांविषयी.

नकाशा सरकला आहे, हे खरे. २०२३ ची आवृत्ती १९९१ ते २०२० या काळातील नोंदींवर आधारित असून तिच्यात १३,४१२ हवामान केंद्रांची आकडेवारी वापरली आहे, आणि अमेरिकेचा जवळपास निम्मा भूभाग त्यात अर्ध्या झोनने उबदार गटात गेला. केंद्रांची संख्या वाढल्यामुळे आणि आरेखन अधिक बारीक झाल्यामुळेही काही ठिकाणांचे झोन बदलले, त्यामुळे प्रत्येक बदल निव्वळ तापमानवाढीचा म्हणता येत नाही. तीस वर्षांची सरासरी अडीच अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे १.४ अंश सेल्सिअसने, वर गेली, म्हणून उद्याची एखादी विलक्षण थंड रात्र टळत नाही. उलट, हिवाळे सौम्य झाले की झाडे लवकर जागी होतात आणि उशिरा आलेल्या थंडीच्या तडाख्यात अधिक सापडतात. आधीच्या उत्तरात हायड्रेंजियाच्या कळीचे जे वर्णन आले आहे, ते बहुतेक सर्व लवकर फुलणाऱ्या झाडांना लागू पडते.

म्हणून मी निवडीचा निकष झाडाच्या आयुष्यावर ठेवतो. सावली देणारे वृक्ष, कुंपणाची झुडुपे, वाटेच्या दुतर्फा लावलेली झाडे, म्हणजे जी मेल्यास बागेला भगदाड पडेल आणि ते भरून निघायला वीस वर्षे लागतील, अशी झाडे आपल्या झोनपेक्षा निदान एका झोनने अधिक काटक असावीत. आपल्या बाबतीत ती झोन ६ किंवा त्याखालची असावीत. बहुवर्षायू फुलझाडे आणि लहान झुडुपे आपल्या झोनइतकी काटक असली तरी पुरेत. नाजूक झाडांची हौस जरूर करावी, पण मेले तर सहज बदलता येईल अशाच जागी. पानगळ यांना हे अतिसावधपणाचे वाटेल, पण वृक्षाच्या बाबतीत सावध राहिल्याने काही बिघडत नाही.

रोप कुठल्या बियांपासून तयार केले, हाही प्रश्न विचारावा. तांबडा मॅपल फ्लोरिडापासून कॅनडापर्यंत नैसर्गिकरीत्या वाढतो. तरीही दक्षिणेकडील बियांपासून वाढवलेले रोप उत्तरेत नेले, तर ते शरदात वेळेवर विश्रांतीला जात नाही आणि थंडीत मार खाते. चिठ्ठीवर दोघांनाही एकच आकडा असतो.

कुंडीला मात्र तो आकडा लागू होत नाही. जमिनीतील मुळांना भोवतालच्या मातीची ऊब मिळते, कुंडीतील मुळांना चारही बाजूंनी थंड हवा लागते, आणि मुळे मुळातच खोडापेक्षा कमी काटक असतात. बाहेरच ठेवायची असेल, तर कुंडीत आपल्या झोनपेक्षा दोन झोनने काटक झाड लावावे, हा रूढ नियम आहे. म्हणजे आपल्यासाठी झोन ५. अन्यथा कडाक्याच्या दिवसांत कुंडी न तापवलेल्या पण बंदिस्त खोलीत हलवावी. घरातील उबेत आणू नये, नाहीतर झाडाची विश्रांती मोडते.

ऑगस्टनंतर कोणत्याही झाडाला नत्रयुक्त खत देऊ नये. त्यातून येणारी कोवळी फूट पक्व होण्याआधीच थंडी पडते. सदाहरित झाडांना जमीन गोठण्यापूर्वी खोलवर पाणी द्यावे, कारण हिवाळ्यातील ऊन-वाऱ्यात पानांतून पाणी उडत राहते आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते भरून काढता येत नाही. नव्याने लावलेल्या पातळ सालीच्या झाडांच्या खोडाला पहिले दोन-तीन हिवाळे पांढरे वेष्टन गुंडाळावे. दुपारच्या उन्हाने नैर्ऋत्येकडील साल तापते, सूर्यास्तानंतर एकदम गोठते आणि उभी तडकते.

अंजिराविषयी चिठ्ठ्यांमध्ये ७ आणि ८ असा जो फरक दिसला, त्यात विरोध नाही. झोन ७ मध्ये मूळ जगते, पण कडक हिवाळ्यात वरचा भाग जमिनीपर्यंत मरून पुन्हा फुटतो. झोन ८ मध्ये फांद्याही बहुधा टिकतात. त्यामुळे आपल्याकडे नव्या फुटीवरही फळ धरणारी जात घ्यावी आणि कलमी रोपाऐवजी स्वतःच्या मुळांवर वाढलेले रोप मागावे, म्हणजे खालून येणारी फूट त्याच जातीची असेल. वसंतात ते मेले असे समजून लगेच उपटू नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसेल तिथपर्यंत फांदी जिवंत आहे. कुठेच हिरवे दिसले नाही, तरी बुंध्याभोवतीचे आच्छादन बाजूला सारून जूनपर्यंत थांबावे, कारण अंजिराची जमिनीखालून येणारी फूट बाकीची बाग हिरवी झाल्यानंतरही कित्येकदा महिनाभर उशिरा दिसते.